रक्त सांडू न देता

ओयदोव, अर्खांगाईचा मेंढपाळ, वय एकसष्ट,
खुर्चीच्या अगदी कडेवर बसतो,
बाहेर घोडं नीट बांधलेलं नसल्यासारखा.
"कसं मारता ते?"
"त्याचं रक्त बंद करून," मी म्हणते.
"हाताने?"
"तारेने. मांडीतून आत जाते, यकृतापर्यंत."
हसतो. दात मोजके, चहाने रंगलेले.
"मग आमच्यासारखंच की."

मला ठाऊक आहे त्यांची रीत.
माझे आजोबाही तसंच करायचे:
मेंढी उताणी, छातीखाली बोटभर चीर,
हात कोपरापर्यंत आत,
आणि कण्यालगतची धमनी
दोन बोटांत चिमटायची.
थेंब जमिनीवर पडता कामा नये.
पडलाच तर आजोबा दिवसभर कुणाशी बोलत नसत.

मी पेशी बघते. उलानबातरच्या तिसऱ्या मजल्यावर,
काचेवर, गुलाबी-जांभळ्या, दिवस मावळेपर्यंत.
नीट मरणारी पेशी ओळखू येते.
ती आधी आवरते. आक्रसते.
आपली पोथी आपणच फाडते, सारख्या मापाचे तुकडे करून,
पुरचुंड्या बांधते
आणि दारावर खूण लावते: या, खा.
शेजारच्या येऊन गिळून टाकतात.
डाग नाही, सुतक नाही.
आत्ता, तुम्ही हे वाचताना,
तुमच्यातल्या कितीतरी गेल्या.

दुसरी असते ती फुटते.
आतलं सगळं शेजारणींच्या अंगावर,
मग सूज, ताप, धावपळ.

ओयदोवला मी अर्धंच सांगितलं.
की विषाणू त्याच्या आईकडून आला असावा,
जन्मताना, पहिल्या दुधाच्याही आधी.
आमच्याकडे सख्ख्यांना एका काळजाचे म्हणतात,
आणि काळीज म्हणजे इथे यकृतच.
(माझीही तपासणी असते, दर सहा महिन्यांनी.)
साठ वर्षं पेशी मरत गेल्या,
जागा भरायला नव्या येत गेल्या,
घाईत उतरवलेल्या नकला, चुकांसकट,
व्रणावर व्रण,
आणि त्यांतली एक कधीतरी
मरायचंच विसरली.

उरलेलं अर्धं असं:
इतक्या मरणांच्या पोटी ती जन्मली,
आणि आम्ही तिच्यावर उपाय म्हणून
पुन्हा मरणच आणलंय.

मंगळवारी तार गेली. औषध, बारीक मणी, धमनी बंद.
तीन रात्री ओयदोव तापाने फणफणला.
दुलमसुरेन उशाशी, ओला रुमाल पिळत,
माझ्याकडे न बघता म्हणाली,
"आत सांडलं ना?"
हो, बाई. सांडलं.
तुमच्या दोन बोटांची सफाई
आम्हाला अजून जमत नाही.

सहा आठवड्यांनी चित्र काढलं.
गाठीच्या जागी काळं विवर,
आणि कडेला काहीतरी उजळ.
"आठ मिलिमीटर."
"म्हणजे?"
मी करंगळीचं नख दाखवते.
"मेंढीची लेंडी," तो बायकोला समजावतो.

मी सांगते: गाठ उपाशी मेली,
एवढ्या मात्र उपाशी जगायला शिकल्या.
गोळ्या देऊ. बघू.
तो बराच वेळ पडद्याकडे बघत राहतो.
"त्या वाईट हिवाळ्यात माझा अख्खा कळप गोठून गेला.
एक म्हातारी मेंढी तेवढी राहिली, बर्फ खरवडून खात.
तिला कापायला माझा हात धजला नाही कधी."
मग हळूच: "हिला मात्र कापा."

पुढची तारीख मी सोमवारची लिहिते.
"सोमवारी नाही जमायचं," तो म्हणतो,
"शेळ्यांची लोकर विंचरायचीय."
मी खोडते.
बुधवार लिहिते.