लाईट गेली की

सव्वादोन वर्षांची झाली हर्षाली
आणि तोंडात एकच आवाज : घर्रर्र.
पट्टा फिरतो तसा, ओठ थरथरवत.
लोक हसायचे, मीही हसायचो.
गिरणीवाल्याची पोर, दुसरं काय बोलेल.

तिची आई कापसात.
पोर माझ्याजवळ, रिकाम्या गोणीवर,
पापण्यांवर पीठ, कानाच्या पाळीवर पीठ,
सकाळी आठपासून.
मी दिवसभर बोलतो, पण हातांनी :
दोन बोटं म्हणजे बारीक,
मूठ म्हणजे बट्टीचं, जाड,
आडवा तळहात म्हणजे थांबा,
आधी कळण्याचं उतरू द्या.
तिला भातही खुणेनंच, पाणीही.

अंगणवाडीच्या कोकिळाताई दळण घेऊन आल्या
आणि गिरणीच्या वर आवाज चढवून म्हणाल्या,
बोलत जाय रे पोरशी.
काय बोलू, मी म्हटलं, तिला कुठं कळतं?
त्यांनी डब्यावर नावाची चिठ्ठी चिकटवली,
थुंकी लावून, नीट दाबून.
'तुले कळेपावत तुनी माय मुकी बठेल व्हती का?'

मंगळवारी साडेअकराला लाईट गेली.
पट्टा दोन गिरक्या घेऊन सुस्तावला.
इतकं शांत झालं
की बोरीपलीकडचं ट्रॅक्टर ऐकू आलं.
मी तिच्यासमोर मांडी घातली,
घसा खाकरला, ग्रामसभेत उभा असल्यासारखा,
आणि चिमटीत एक दाणा धरला.
दादर, म्हणालो.
दारात कोणी नाही ना, ते पाहिलं.
पुन्हा म्हणालो, हाई दादर शे. पांढरी.
हाऊ उडीद. काया. कायाकुट्ट.
ती माझ्या ओठांकडे पाहत होती
गिऱ्हाईक काट्याकडे पाहतं तशी.

मध्येच मी अडखळलो.
चौथीत 'शे' म्हणालो म्हणून
'आहे' लिहून पाटी भरायला लावली होती,
दोन्ही बाजूंनी.
आता हिला कोणतं द्यावं?
शेजारी कळण्याचा डबा होता,
ज्वारी आणि उडीद, एकत्रच दळायचे.
मग मीही दोन्ही घातले.
शे. आहे. घे.

तेव्हापासून गाव वायरमनला शिव्या देतं
आणि मी लाईट जायची वाट बघतो.
काय काय सांगितलं तिला!
काट्याचं वजन कुठं हरवलं ते,
आईच्या ओट्यात किती कापूस मावतो ते,
उंदराला शेपूट का, हे मलाच ठाऊक नव्हतं,
तेही सांगितलं.
सांगायचं संपलं की डब्यांची नावं वाचायची.
तिचं बोट धरून, चिठ्ठीवरून, डावीकडून :
सुपडू अण्णा. हिलाल भाऊ. बेबाबाई.
बेबाबाईच्या चिठ्ठीवर दोन 'बा' आहेत,
हे वीस वर्षांत मी पाहिलं नव्हतं.

तिच्याकडून उत्तर तेच. घर्रर्र.
एकदा फरशीवरच्या पिठात
बोटानं आडवी रेघ ओढली, खाली काही वेटोळं.
संध्याकाळी झाडू मारला
तो तेवढी फरशी सोडून.

काल मात्र लाईट होती.
सुपडू अण्णाची दादर अर्धी उतरलेली,
बाहेर चार डबे रांगेत.
हर्षाली गोणीवरून उठली,
माझ्या पायाशी आली
आणि आडवा तळहात धरला.
थांबा.

मी बटण खाली केलं.
अण्णा म्हणाले, काय व्हयनं रे?
पट्टा अजून फिरत होता,
मग फटफटला, मग गप्प.
तिनं बेबाबाईच्या डब्यावर बोट ठेवलं,
चिठ्ठीच्या मधोमध,
आणि दोन्ही ओठ घट्ट मिटले,
इतके घट्ट की गालांवरचं पीठ तडकलं.

बा, म्हणाली.
बोट थोडं सरकवलं.
बा.

अण्णा, बसा जरा.
अजून तीन डबे वाचायचे आहेत.