इतर : वीस

पुण्याच्या ट्रस्टने पाठवलेल्या लिफाफ्यात
एक सीडी, एक छापील तक्ता, परतीची तिकिटं.
नाव : ऋजुता खोबरेकर. वय : सव्वीस.
दोन सिंफन्या, बत्तीस वादक.
लय वीस, तोल वीस, सूर वीस, समज वीस,
आणि उरलेल्या विसांसमोर नुसतं छापलंय : इतर.

मी वेंगुर्ल्याचा. एकतीस वर्षं सेकंड व्हायोलिन,
शेवटून दुसरी खुर्ची.
आता पडवीत बसून काजूच्या बिया मोजून घेतो
आणि वर्षातून एकदा दुसऱ्यांचे गुण.

पहिली सिंफनी लावली तेव्हा
समोरच्या खळ्यात कालिंदी सोलं वाळत घालत होती.
"खंय लगीन आसा काय ओ?"
म्हटलं, परीक्षा आहे.
"कोणाची?"
मी आवाज वाढवला.

पहिला भाग नीटनेटका. फारच.
इस्त्रीच्या घड्या मोजता येतील असा.
मिन्युएट मात्र पळवलाय.
अगं, नाच आहे हा, घेरदार झग्यांचा,
वळायला जागा लागते बाई,
तू तर शेवटची एसटी पकडायला निघालीस.
लय : अकरा.

संथ भागात एके ठिकाणी दोन मात्रांची शांतता आहे.
तिथे ती दीडच थांबली. घाबरली.
मीही घाबरायचो त्या वयात,
सगळे गप्प असताना
आपलाच गज तारेवर घसरेल म्हणून.
तोल : चौदा.

दुसरी जी मायनरमधली.
हिच्यासाठी मी चष्मा काढून ठेवतो.
आणि इथे, पहिल्या व्हायोलिनांच्या खालून,
मला माझा हात ऐकू आला.
ती आतली ओळ, वरखाली, वरखाली,
शिवणयंत्राच्या पायट्यासारखी,
चार शहरांत वाजवलेली,
एकाही रेकॉर्डिंगमध्ये मला न सापडलेली.
हिने वरचा आवाज थोडा बाजूला केला,
ओहोटीचं पाणी सरकतं
आणि ओल्या पुळणीत
तिसऱ्यांची भोकं दिसायला लागतात, तसा.

रापण ओढताना पाहिलीय मी लहानपणापासून.
दोन्ही दोरांना वीसवीस माणसं,
आणि एक जण कमरेपर्यंत पाण्यात,
हातात दोर नसलेला.
दीना तांडेल म्हणायचा,
"मासो कडेन पळता. मदी बघून काय गावतला?"

एकतीस वर्षांत माझ्या खुर्चीकडे
कंडक्टरने बघितलं ते एकदाच,
मी चुकलो तेव्हा.

मग शंका आली.
हे गुण मी पोरीला देतोय की त्या खुर्चीला?
पुन्हा लावली. ओळ तिथेच होती.
तिसऱ्यांदा लावली, कालिंदीने खळ्यातून मान वर केली,
काही बोलली नाही.

शेवटच्या भागात लाइट गेली.
उरलेलं मी डोक्यात वाजवलं,
बोटं गुडघ्यावर, एकही आवर्तन न गाळता,
मनगटावरच्या घड्याळात बघून.
तासाभराने लाइट आली तेव्हा तिचं मोजलं.
मला एक मिनिट चाळीस सेकंद जास्त लागली होती.
आणि मला वाटत होतं
की मी वेगात आहे.

लय : अकरा खोडलं, तेरा केलं.
मिन्युएटला माफी नाहीच.

शेऱ्याच्या जागेत लिहिलं :
मिन्युएट सावकाश. शांततेत दोन मात्रा पूर्ण मोजाव्यात,
मनात जमत नसेल तर पायाच्या अंगठ्याने.
जागा संपली. मग तक्त्याच्या कडेला, आडवं :
सेकंड व्हायोलिनला शेवटून दुसऱ्या खुर्चीवर
कोण बसतं, नाव कळवावं.

पाकिटाला डिंक लावला, तिकिटं चिकटवली,
चप्पल घातली, आणि आठवलं
की 'इतर'समोर काहीच भरलेलं नाही.
पोस्ट चारला बंद होतं.
पायरीवर बसून पाकीट पुन्हा उघडलं.