बाऊ

रिपोर्टवर मी आकडा छापला: चौदा.
गोदाक्का बिर्जे, वय बावन्न, मुक्काम नंदगड.
"चौदा म्हंजे पास की नापास?"
काचेपलीकडून तिनं विचारलं.
म्हटलं, पाचाच्या आत असायला हवा.
"म्हंजे जास्तीचे नऊ," ती म्हणाली. "कुणी दिले गं?"

डॉक्टर गदगचे. मराठी कळतं, बोलता येत नाही.
तिच्या बोटाच्या पेरावर पेन टेकवून म्हणाले,
"बावु इदे. ओळगडे."
"काय म्हणूलालेत हे?"
सूज आहे म्हणतात. आतून.
गोदाक्का हसली.
"बाऊ? आमच्यात लेकरू पडलं की आई म्हणती, बाऊ झाला,
फुंकर घालती, संपलं.
आन् मोठ्या बाईनं कण्हलं तर म्हणत्यात,
उगं बाऊ करू नको."
डॉक्टरांनी माझ्याकडं बघितलं.
मी सगळं कन्नडमध्ये सांगितलं,
फक्त फुंकर काही जमली नाही.

चिठ्ठीवर गोळ्या, आणि खाली:
रोज मूठभर अक्रोड, बदाम.
ती मूठ वळायला गेली.
बोटं निम्म्यात थांबली,
ओलीनं फुगलेलं दार चौकटीत अडावं तशी.
"असल्या मुठीत जास्त बसतील का कमी?"

एकवीस वर्षं काजूच्या कारखान्यात.
पायानं दांडा दाबायचा, पात्याखाली बी धरायची,
हाताला तेल, तेलावर राख.
तरी चीक लागतोच.
आधी जळजळ, मग काळे डाग, मग कातडी सुटते.
अख्खा गर वेगळा, पाकळी वेगळी, तुकडा वेगळा.
तुकडा जास्त पडला की मुकादमाचं तोंड.
मी विचारलं, खाल्लात कधी?
"पयल्या दिवशी. मग नाकात धूर बसला.
तुमच्या काजूकतलीलाबी
मला भट्टीचाच वास येतोय."

गर म्हणे सूज उतरवतो.
टरफल चढवतं.
मधे एक पातळ साल,
आणि ती सोलणारी बोटं.

रविवार पेठेत अक्रोडाचा भाव ऐकून
ती अर्ध्या किलोवरून पाव किलोवर आली,
पावावरून शंभर ग्रॅमवर.
सोललेला गर हातात घेऊन उलटसुलट बघितला.
अख्खा होता. कुठं टवका नव्हता.
"कुठला ह्यो?"
काश्मीरचा, शेटजी म्हणाले.
"फोडतंय कोण तिकडं? हात कसे हाईत तिचे?"
शेटजींनी तराजू पुसला.

तीन महिन्यांनी परत आली.
आकडा: नऊ.
"अक्रोडानं?"
आता काय सांगू?
गोळ्या चालूच होत्या.
मालकांच्या भावकीत भांडण लागून
कारखाना दीड महिना कुलपात होता.
अक्रोडानं थोडं उतरतं म्हणतात.
थोडं म्हणजे किती, आणि कुणाचं,
ते आमचं यंत्र सांगत नाही.
ते आकडा देतं. कारण देत नाही.
मी म्हटलं, असेलही. खात राहा, परवडेल तेवढं.

तिनं मूठ वळून दाखवली.
अंगठ्याखाली अजून फट होती,
एक अक्रोड जाईल एवढी.
"सोमवारपासनं कारखाना उघडतोय," म्हणाली,
आणि पावती मागितली.