कोड नऊ

टॅबलेटच्या काचेला भेग आहे,
आणि प्रश्न क्रमांक सहा नेमका भेगेखाली येतो.
‘महामंडळाच्या अध्यक्षांनी मांडलेल्या
रोजगार प्रस्तावांबद्दल आपले मत?’
एक : पूर्ण समाधानी. पाच : अजिबात नाही.
नऊ : सांगता येत नाही.
मधलं जे काही असतं माणसाचं
त्यासाठी दोन, तीन, चार.

कोपरखैरणे, माथाडींच्या चाळी, सकाळचे दहा.
ज्ञानू शेलार रात्रभर कांदा उतरवून आलेले,
मानेला लाल सालं चिकटलेली.
‘कुठले अध्यक्ष? पतपेढीचे?’
नाही हो, म्हटलं, ते मोठे.
लाख नोकऱ्या म्हणालेत, दीड वर्षात.
‘लाख?’
हसले नाहीत. अंगठ्यानं पेरं मोजत राहिले,
मग म्हणाले, ‘गोणीचं वजन कमी झालं, बरं झालं.
गोणीखालची माणसंही कमी झाली.
याचं तुम्ही काय टाकता?’
तीन टाकलं.

टॉवरमध्ये अठराव्या मजल्यावर साखळी न काढता
पेंडसेबाई फटीतून म्हणाल्या,
‘आमचा पूर्ण पाठिंबा. लोकांना काम हवंच.
रिकामी पोरं बघवत नाहीत खाली.’
त्यांच्यामागे लादी पुसणारी थांबली.
फडकं बादलीवर धरून, न पिळता,
ती माझ्याकडे बघत होती,
जणू पुढचा नंबर तिचा.
सूचना क्रमांक चार : एका घरात एकच मत.
थँक यू म्हटलं. लिफ्ट वर यायला फार वेळ लागला.

दुपारी घणसोली गाव.
ओट्यावर करंदी सोलत बसलेली बामा मढवी,
बोटं पाण्यात भिजून पांढरी.
‘कनचा अध्यक्ष गो? गावकीचा?
त्याला सांग, गटार फुटलंय.’
मी पुन्हा वाचून दाखवलं. तिनं ऐकलं,
सोललेलं एका ताटलीत, टरफलं दुसऱ्या,
हात एकदाही चुकला नाही.
‘माजं भाताचं खाचर व्हतं, रबाळ्याला.
कंपनी आली तवा सायब बोलला, नोकरी देतो.
दिली. माज्या नवऱ्याला. गेटवर.
मग पोराला दिली, आत, रंगाच्या खात्यात.
मग कंपनीच गेली.
आता तितं काचेची बिल्डिंग हाय.
नातू जातो तितं, जेवनाचे डबे घेऊन, गाडीवर.
आत नाय सोडत त्याला. खालीच घेतात डबा.
तीनदा झाल्या नोकऱ्या, बाय, एकाच खाचरात.
भात दर सालाला व्हायचा.’

यासाठी आकडा नव्हता.
‘इतर’ दाबलं. चाळीस अक्षरांची जागा.
मी लिहिलं, पुसलं, पुन्हा लिहिलं.
‘भात’ राहिला बाहेर.

पाच वाजता कोलतेसरांचा फोन.
‘चौदा नंबरमध्ये काय टाकलंय तुम्ही?
खाचर म्हणजे काय? सिस्टीम घेत नाही.’
जमीन, सर.
‘मग समाधानी की असमाधानी?’
मी गप्प.
‘नऊ करून टाका. पण फार नऊ नकोत,
वरून विचारतात, तुम्ही लोक नीट विचारत नाही का.’
फॉर्ममागे बावीस रुपये. नवाचेही बावीसच.

शेवटचा फॉर्म राहिला होता,
म्हणून रबाळ्याला उतरले.
काचेच्या बिल्डिंगसमोर कठड्यावर
पोरं बसलेली रांगेनं, हेल्मेट मांडीवर,
सगळ्यांचे चेहरे मोबाइलच्या उजेडात निळे.
कुठला मढवी ते विचारलं नाही मी.
जवळच्याला विचारलं, प्रश्न क्रमांक सहा,
‘महामंडळाच्या अध्यक्षांनी मांडलेल्या…’
त्याचा फोन वाजला. उठला, किक मारली.
‘एक टाका, पाच टाका, मॅडम,
काहीही टाका,
तीन मिनिटं उरलीत.’