घसरलाच असेल

ग्रिम्सबीच्या कोरोनर कोर्टात हीटरच्या दोनच तऱ्हा,
बंद किंवा भट्टी.
मी दुभाषी, तासाच्या दराने. शपथ झाली आहे:
ऐकेन तेच सांगेन, पदरचं घालणार नाही,
पदराआड काही ठेवणार नाही.
(शपथेत पदर नव्हता. तो माझा.)

साक्षीदार बशीर परकार, खलाशी, राहणार दाभोळ.
मयत निवास चोगले, खलाशी, हर्णै.
जागा इमिंगहॅमचा धक्का. गेला फेब्रुवारी, पहाटे पावणेचार,
शिडीवर बर्फ.

तो घसरला का?
बशीर पाण्याच्या ग्लासाकडे बघतो.
"घसरलाच असेल."

आता सांगा.
त्या 'च'मध्ये त्याने टेबलावर मूठ आपटली आहे
आणि 'असेल'मध्ये तीच मूठ उघडून दाखवली आहे,
रिकामी.
सर्टनली म्हणावं, तर त्याने डोळ्यांनी पाहिलं असं होतं.
प्रॉबब्ली म्हणावं, तर मूठ गेली.
परहॅप्स म्हणजे चहा घ्यावा का, इतकं हलकं.
मी क्रियाविशेषणांना वळसा घालून
मागच्या दाराने 'मस्ट हॅव' म्हणाले.
कारकुनाने काय टाइप केलं, दिसलं नाही.

मग मिसेस हॉल्डनबींनी, फार मऊ आवाजात:
शुअरली, तुम्हाला काहीतरी ऐकू आलं?

हलच्या रात्रवर्गात डोरीनबाईंनी हा शब्द फळ्यावर लिहिला होता.
म्हणाल्या, नीट बघा याला,
पाटीवर खात्री लिहिलेली आहे आणि दुकानात माल नाही.
डेफिनेटली म्हणतो त्याला माहीत असतं, किंवा तसं वाटतं तरी.
शुअरली म्हणतो तो दुसऱ्याकडे खात्री मागत असतो, उसनी.
उदाहरण:
बोट मंगळवारी यायची होती, आज शुक्रवार,
शुअरली, कुणीतरी फोन करील.
हे त्यांनी फळ्यावर लिहिलं नाही.
खडू ठेवला, हात झटकले, म्हणाल्या पुढचं पान.

आपला 'नक्की' तरी कुठे वेगळा?
सूर्य उद्या नक्की उगवेल, असं कोण म्हणतं?
नक्की येशील ना, हे त्यालाच विचारतात
जो मागच्या वेळी आला नव्हता.

"काहीतरी ऐकलं असणारच ना तुम्ही?" मी बशीरला म्हणाले.
"इंजिन चालू होतं," तो म्हणाला.
हे सोपं होतं. हे मी लगेच सांगितलं.

निकाल पावणेदोनला.
शक्यतांच्या तराजूत, म्हणाल्या बाई, पारडं अपघाताकडे झुकतं.
पडद्यावर हर्णैहून यमुना चोगले, निवासची आई,
तोंडाशी पदर, मागे भिंतीवर
नोव्हेंबरातच थांबलेलं कॅलेंडर.
मी तराजू ठेवला, पारडं ठेवलं,
तिला काही कळेना. म्हणून म्हणाले, बहुतेक.
बहुतेक पाय घसरून.
ज्या शब्दावर आपण पंगतीत दोन पानं जास्त मांडतो
तो शब्द.

ती थोडा वेळ गप्प. मग,
"म्हंजे घसरला नसंल, असा पन हाय?"

ऐकेन तेच सांगेन.
मी सांगितलं.
मिसेस हॉल्डनबींनी चष्मा काढला, परत लावला.
येस, म्हणाल्या. पुढे-मागे काही न जोडता.
तेही सांगितलं.

बाहेर माझ्या गाडीवर दंडाची पावती, अकरा मिनिटं उशीर,
तिच्यात मात्र एकही शंका नव्हती.
बशीर कोट घालून उभा होता, बंदरावर जायची बस शोधत.
तेच जहाज, वर्षाने परत लागलंय. उद्याच्या भरतीला सुटणार.
मी म्हटलं, सोडते. बसला.
वाटेत काही बोलला नाही, फक्त गेटपाशी विचारलं,
मी म्हणालो तेच सांगितलंत ना तुम्ही?
हो, म्हणाले.
आणि उगाच, काहीतरी म्हणायचं म्हणून:
उद्या नक्की सुटतंय ना जहाज?
"सुटेल की."

घरी पोचेपर्यंत त्या 'की'ला इंग्रजी शोधत होते.
ऑफ कोर्स? अंहं, त्याला टाय आहे.
शुअरली नाही.
नाही, शुअरली तर नाहीच.