बॉनेटवर हात

तारासला एका कानानं ऐकू येत नाही,
दुसऱ्यानं तो त्याला हवं तेवढंच ऐकतो.
तरी गाडी बघायला मी त्यालाच नेते.
नवरा सोडून गेला, दीर मात्र राहिला.
होतं असं कधी कधी.

पहिली यॉर्कटनच्या हायवेलगत.
लाल फोर्ड, टायर पुसून काळे कुळकुळीत,
आत खोट्या पाइनचा वास.
कर्टिस नावाचा पोरगा बोलत होता, बोलतच होता:
एकच मालक, शहरात वापरलेली,
शाळेपुढं नुसती उभी असायची...
तारासनं हातमोजा काढला
आणि बॉनेटवर तळवा ठेवला,
तापानं फणफणलेल्या पोराच्या कपाळावर ठेवावा तसा.
बाहेर उणे अठरा.
मग माझ्याकडं वळून कुजबुजला
(म्हणजे सगळ्या आवाराला ऐकू जाईल असा):
"हिला कुणीतरी आपल्याआधी उठवलंय."
कर्टिस बर्फाकडं बघत राहिला.

दुसरी फोम लेकच्या अलीकडं,
ॲग्नेस थोरवाल्डसनच्या गोठ्यामागं.
निळी जीएमसी, माझ्या धाकटीच्या वयाची,
आणि गार. दगडासारखी गार.
तिसऱ्या किल्लीला खोकली, धूर ओकली, लागली.
ॲग्नेसनं किंमत सांगायच्या आधी खोड्या सांगितल्या:
हीटर फक्त डाव्या पायाला लागतो,
उजवं दार आतून उघडत नाही,
चौथा गिअर मनधरणी करून घेतो.
मग एक वही हातात दिली,
कडा तेल पिऊन पारदर्शक झालेली.
प्रत्येक ऑइल, प्रत्येक बेल्ट, तारखेसकट,
तिच्या नवऱ्याच्या काटकसरी अक्षरात.
शेवटची नोंद एकोणीस ऑगस्टची:
"मागचा डावा टायर. उद्या."
पुढची पानं कोरी.
माझा हात खिशातल्या चेकबुकाकडं गेला.

तेवढ्यात तारास पुठ्ठा अंथरून गाडीखाली शिरला,
सत्तरीला टेकलेला माणूस, कंबर धरून.
बराच वेळ त्याचे नुसते बूट दिसत होते.
मग आवाज आला,
स्क्रूड्रायव्हर चॅसीतून आरपार गेल्याचा.
तसा फार मोठा नसतो तो आवाज.
वाळका टोस्ट मोडावा, एवढाच.

बाहेर येऊन तो काही बोलला नाही.
ॲग्नेसच म्हणाली, "हे वहीत नव्हतं."
आणि जरा वेळानं,
"खाली वाकता येत नव्हतं त्याला, शेवटी शेवटी."
तिनं कॉफी केली. आम्ही प्यायलो.
कपाखाली वही होती, तिनं ती काढून पुसली.

खरं सांगणारी ती कुजलेली,
लबाड ती धडधाकट.
परतताना यावर मी काहीतरी मोठं बोलणार होते,
पण तारास ऐकणारा कान खिडकीला लावून
घोरत होता.

मला जूनच्या शेवटी पेट्या हलवायच्यात,
एकशेवीस, कनोलाच्या शेतांकडं,
रात्री, माश्या घरी असताना.
वाटेत चॅसीनं मान टाकली
तर त्या चवताळलेल्या ढगाला
कुणाच्या प्रामाणिकपणाशी काय देणंघेणं?

शुक्रवारी लाल घेतली.
गरम बॉनेटचे आठशे डॉलर कापून.
कर्टिसनं सही केली. या खेपेला गप्प.

शनिवारी पहाटे उणे एकतीस.
पहिली किल्ली, नाही. दुसरी, नाही.
चौथीला ती अशी किंचाळून उठली
की दोन शेतांपलीकडचा कुत्रा भुंकायला लागला.
अच्छा. म्हणजे हे होतं ते.

घरात जाऊन धाकटीची जुनी गणिताची वही आणली,
भागाकार फाडून काढले.
पेनातली शाई गोठलेली, म्हणून पेन्सिलीनं लिहिलं:
"थंडीत चौथ्या किल्लीला लागते.
बेल्ट बघायचा. तारासला घेऊन."
त्यापुढं "उद्या" लिहिणार होते.
सोमवार लिहिलं.