खोली

माझी बोट लिलावातली. आधी पोलिसांची होती;
निळा रंग खरवडला, तरी कडेकडेने उरलाच.
सहा माणसं बसतात. इंजिन म्हातारं,
सकाळी खोकतं, मग दिवसभर मुकाट राबतं.
ओर्शोव्याच्या धक्क्यावर मी पाटी लावलीय:
खाजगी फेरी, दोन तास, ऐतिहासिक डॅन्यूब.

ऐतिहासिक म्हटलं की लोक पैसे काढतात.
मी दाखवतो कड्यात कोरलेला दाढीवाला राजा
(तो माझ्या मुलीहून धाकटा आहे, हे सांगत नाही),
समोर सर्बियाच्या काठाला रोमनांची शिळा,
तीही वर उचलून बसवलेली, धरण झालं तेव्हा.
लोक फोटो काढतात, सँडविच खातात,
एखाद्याला मळमळतं. चालायचंच.

मंगळवारी नेर्मिनबाई एकट्याच आल्या.
सहाही जागांचे पैसे दिले,
नोटा रुमालात, रुमालाला गाठ.
"राजा नको, शिळा नको. खाली चल. बेटावर."
बेट कुठाय आता, मी म्हटलं,
पन्नास वर्षं झाली बुडून.
"मला सांगतोस?"

मधल्या बाकावर बसल्या, मांडीवर बॅग,
दातांच्या डॉक्टरकडे बसावं तशा.
आणि मी काही विचारलं नसताना बोलू लागल्या:

"किल्ल्याचे दगड दुसरीकडे न्यायचे होते.
त्यांच्यावर नंबर घालायचं काम बाबांना मिळालं, रोजावर.
चुन्याचा डबा मी धरायचे.
अंक मी तिथेच शिकले, शाळेच्या आधी.
सातच्या पोटात बाबा आडवी रेघ मारत.
आपल्या घराला नंबर कधी, मी विचारलं.
म्हणाले, जे न्यायचं असतं, त्याला नंबर.

रात्री उरलेल्या चुन्याने
मी दारावर चार काढला. उलटा आला.
नेलं नाहीच कुणी."

नदी तिथे रुंद आहे, वाहते की नाही कळत नाही.
मी इंजिन बंद केलं.
बोटीखाली पाणी चुबकचुबक करत राहिलं.
पडद्यावर आकडे हलत होते,
त्याखाली तळाची करडी रेघ, कुठे सपाट, कुठे उचललेली.
बाई चष्मा बदलून वाकल्या.

"खोली?"
चौतीस मीटर.
"ती नव्हे रे. कुठली खोली?
आत्ता आपण कुठल्या खोलीवर आहोत?"

मला काय माहीत!
मी ओर्शोव्याचा, तोही नव्या ओर्शोव्याचा,
जुना त्याच पाण्याखाली.
पण रेघ जराशी वर आली होती,
म्हणून म्हटलं: स्वयंपाकघर असावं.

"मग डावीकडे घे. इथे चूल आहे."

मी वल्हं काढलं. डावीकडे घेतली.
आयुष्यात बोट इतकी जपून कधी वळवली नव्हती.

पडद्यावर एक कमान उमटली, जाड, सावकाश सरकणारी.
"हे कोण आलं?"
शिंगाडा असेल, म्हटलं. इथे माणसाएवढे होतात.
बाई थोडा वेळ बघत राहिल्या.
"पाय पुसून आला का, विचार."

आणि हसल्या. मग हसणं थांबवता येईना,
बॅगेत रुमाल शोधू लागल्या,
तो तर माझ्या खिशात होता, नोटांसकट.

परतताना त्या आकडे मोठ्याने वाचत होत्या,
तेहतीस, एकतीस, अठ्ठावीस,
मध्येच एखादा चुकल्यासारखा पुन्हा म्हणत.
सत्तावीसपाशी हवेत बोटाने आडवी रेघ मारली.
धक्क्याला लागलो तेव्हा दोन होता.
हात न धरता उतरल्या.

चारच्या फेरीला हॅनोव्हरचं कुटुंब होतं.
राजा दाखवला, शिळा दाखवली.
येताना त्यांना जरा खालपर्यंत नेलं, जादा पैसे न घेता,
आणि त्या जागी इंजिन बंद केलं.
इथे काय आहे, मुलाने विचारलं.

काही नाही, म्हटलं.
डिझेल वाचवतोय.